तवशाचं बी

आमच्या घरात काकडी आणि तवसं ही दोन नावं आहेत, वेल मात्र एकच. वीतभर लांबीची, कोवळी, आतलं बी अजून पाण्यासारखं असलेली ती काकडी. ती चिरायची, मीठ लावायचं आणि खायची. तीच वेलीवर राहू दिली, फुगून हातभर झाली, साल पिवळी पडून तिच्यावर तपकिरी जाळी उमटली, की तिचं तवसं होतं. बाजारातली काकडी नेहमी पोरवयातच तोडलेली असते. त्यामुळे मुंबईत जन्मलेल्या माझ्या मुलांना काकडीचं बी ही चावून गिळायची वस्तू आहे असंच कितीतरी वर्षं वाटत होतं. ते पेरायचंही असतं हे ठाऊक नव्हतं. एकदा दिवाळीच्या सुट्टीत गावी वाशाला टांगलेली तवशी बघून धाकट्यानं विचारलं, "अम्मी, हे भोपळे कुठून आणले?"

गाव दापोली तालुक्यातलं, खाडीकाठचं. कौलारू घर, पुढे अंगण, मागे परस. परसाला तीन बाजूंनी जांभ्या दगडाचा गडगा आणि चौथ्या बाजूला, शेजारच्या काकींच्या आणि आमच्या मध्ये, काट्याकुट्यांची वई. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख. काकडीला पाणी भरपूर लागतं, पण पाण्यात उभं राहणं तिला सोसत नाही. मुळाशी दोन-तीन दिवस पाणी साचलं तर वेल पिवळी पडून बसते. म्हणून मे महिना सरताना, रोहिणी नक्षत्र लागलं की दादी उताराच्या अंगाला आळी करायला घ्यायची. हातभर रुंद खड्डा, त्यात पालापाचोळा जाळायचा, वर कुजलेलं शेणखत आणि चुलीतली राख, मग माती ओढून ताटाएवढा उंचवटा. खड्डा खणून पुन्हा उंचवटा कशाला, असं मी विचारलं तर म्हणायची, "बी वर कोरडं झोपेल नि खाली जेवेल."

मिरगाचा पहिला पाऊस पडून माती बसली की प्रत्येक उंचवट्यावर चार बिया, टोक खाली करून, बोटाच्या पेराएवढ्या खोल. पाचव्या-सहाव्या दिवशी दोन जाड दळं डोकं वर काढायची. चारातली दोन जोमदार रोपं ठेवून बाकीची काढून टाकायची. लहान मुलांच्या हाती हे काम ती कधी देत नसे. आम्हाला दया यायची आणि आम्ही चारही ठेवायचो. वेलीला तणावे फुटायच्या आत मांडव उभा राहायला हवा. चिव्याच्या काठ्या, सुंभ, आणि वरून आडव्या-उभ्या शिरड्या. जमिनीवर पसरलेली काकडी मातीला टेकते, पावसात सडते, उंदीर कुरतडतात. मांडवावरून लोंबणारी काकडी स्वतःच्या वजनानं सरळ वाढते, तिला वारा लागतो आणि ती दिसते. दिसणं महत्त्वाचं. पानाआड राहून गेलेली एक काकडी जून झाली की वेलीला वाटतं आपलं काम झालं, आणि ती पुढची फुलं धरायची कमी करते. म्हणून ऐन बहरात एक दिवसाआड मांडव चाचपायचा.

पहिल्या पंधरवड्यात पिवळ्या फुलांची गर्दी होते आणि एकही फळ धरत नाही. नवी सून असली की घाबरते. दादी तिला मांडवाखाली नेऊन दाखवायची. नुसत्या बारीक देठावर उभं आहे ते नराचं फूल. ज्याच्या पाठीशी टाचणीएवढी लवदार काकडी चिकटलेली आहे ते मादीचं. आधी नराचीच फुलं येतात, दोन दिवस मिरवतात आणि गळून पडतात. "आधी नुसती दादल्यांची गर्दी. कामाचा एक नाय," असं दादी म्हणायची आणि मांडवाखालच्या सगळ्या बायका हसायच्या. हसणाऱ्यांपैकी बहुतेकींचे दादले बोटीवर नाहीतर आखातात होते.

कोवळ्या काकडीला बोट दाखवायचं नाही, कुजते, ही आमच्याकडची सक्त ताकीद. दाखवायचीच झाली तर मूठ वळून दाखवायची. बोट न दाखवताही काही कुजायच्याच. ते काम फळमाशीचं. ती कोवळ्या सालीखाली अंडी घालते, टोचलेल्या जागी डिंकाचा थेंब येतो, काकडी एका बाजूनं वाकडी होते आणि आत अळ्या वळवळू लागतात. हल्ली क्यू-ल्युअरचे सापळे मिळतात, त्यात नर माश्या येऊन पडतात. अम्मीच्या वेळी एकच उपाय होता, फळ धरलं की त्याला कागदाची पुडी बांधायची आणि किडलेलं फळ उकिरड्यावर न फेकता हातभर खोल पुरायचं. पुडीसाठी उर्दू वर्तमानपत्र चालत नसे, त्यात कुठेतरी अल्लाचं नाव असायचं. मराठी चालायचं. मग एक दिवस काकींनी वईपलीकडून ओरडून सांगितलं, "भाभी, त्या काकडीवर आमचा गणपती आहे गो!" तेव्हापासून आमच्या मांडवावर फक्त सिनेमाच्या जाहिरातींची पानं झुलू लागली. तांबड्या भुंगेऱ्यांसाठी मात्र वर्तमानपत्राची गरज नव्हती. पानं ओली असताना सकाळी सकाळी राख भुरभुरली की ते कंटाळून दुसरीकडे जायचे. बहुधा वईपलीकडे.

परसातल्या काकडीला पैसा लागत नव्हता आणि तिच्यापासून पैसा येतही नव्हता. वाटायची, खायची, टांगायची. फक्त एका पावसाळ्यात वेगळं घडलं. अब्बांनी बोट सोडून कुवेतला नोकरी धरली होती. 2 ऑगस्ट 1990 ला इराकची फौज कुवेतमध्ये शिरली आणि आमच्याकडे येणारे ड्राफ्ट थांबले. पत्र नाही, तार नाही. रात्री मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका रेडिओ असलेल्या घरी जमायच्या. आमच्या घरात अम्मी, दादी, मी आणि धाकटा भाऊ. वाण्याकडे उधारी चढत होती आणि परसातला मांडव नेमका त्या वर्षी काकड्यांनी वाकला होता.

अम्मी बाजारात जाऊन बसणं शक्यच नव्हतं. तिला कुणी अडवलं असतं म्हणून नव्हे, तिनंच स्वतःला कधी तशी मुभा दिली नव्हती. काकी दर बाजाराला पाटी घेऊन दापोलीला जायच्या. एका पहाटे त्या परसाच्या बाजूनं आल्या, मांडवाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाभी, तुझ्या काकड्या माझ्या पाटीत घाल. कुणाच्या म्हणून कोण विचारतोय?" अम्मीनं कंदिलाच्या उजेडात काकड्या तोडल्या. ओल्या काकडीवरचे बारीक काटे गोणपाटानं पुसून ती पाटीत रचत होती आणि मी खाली पडलेली फुलं वेचत होते, एवढं मला स्पष्ट आठवतं. संध्याकाळी काकी पदराच्या गाठीतून पैसे काढून ओट्यावर ठेवायच्या, मोजून दाखवायच्या. त्यांनी स्वतःसाठी त्यातला एक पैसा घेतला नाही. अम्मीनं त्यांना एकदाही 'नको' म्हटलं नाही.

अब्बा ऑक्टोबरात आले. इतर हजारो हिंदी लोकांसारखे वाळवंटातून जॉर्डनला, अम्मानहून विमानानं मुंबईला. हातात एक थैली. त्या पावसाळ्यात घर कसं चाललं हे त्यांनी विचारलं तेव्हा अम्मी म्हणाली, "अल्लानं चालवलं." खोटं नव्हतंच ते. काकड्या विकल्याचं मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. अब्बा 2006 मध्ये गेले. आज हे लिहिण्याआधी मी अम्मीला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "काकीचं नाव घालू नको. तिला आवडायचं नाय."

काकींना आमची काकडी आणखी एका कारणासाठी लागायची. ऋषिपंचमीला त्यांच्याकडे बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं नको, हातानं खणलेल्या परसातलं हवं. आमचं परस खोरं-कुदळीशिवाय दुसऱ्या कशानं कधी उकरलं गेलं नव्हतं. त्यामुळे गणपतीच्या आदल्या दिवसापासून त्या चार काकड्या आणि एक पडवळ राखून ठेवायला सांगायच्या. वेल काही वेळा वईवर चढून पलीकडे उतरायची. तिकडे लोंबलेलं फळ तिकडचं, असा दादीचा कायदा होता. कोकणात हातभर बांधासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा हा कायदा काही क्षुल्लक नव्हता. पंचमीच्या संध्याकाळी पलीकडून हळदीच्या पानातल्या पातोळ्या यायच्या, तवशाच्या किसात भिजवलेल्या.

कडू काकडीचा विषय राहिलाच. देठाकडचा तुकडा कापून तो कापलेल्या तोंडावर गोल गोल घासायचा, पांढरा फेस येतो, तो पुसून टाकायचा. कडूपणा निघून जातो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात चालतं. माझ्या अनुभवात फेस काढल्यानं जेवढा फरक पडतो त्यापेक्षा देठाकडची दोन बोटं कापून टाकल्यानं आणि साल जाड काढल्यानं जास्त पडतो. कारण कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य बहुतेक सालीत आणि देठाकडेच असतं. वेलीला तहान लागली, ऊन फार झालं की ते वाढतं. पावसाळ्यातल्या काकड्या म्हणूनच क्वचित कडू निघतात आणि उन्हाळ्यातल्या हमखास. शेजारी कारल्याचा वेल असला की काकडी कडू होते, ही समजूत मात्र निव्वळ कारल्याची बदनामी आहे. काकडीचा आणि कारल्याचा संकर होतच नाही. काकडीचा आणि खरबुजाचाही होत नाही. काकडीचा संकर होतो तो दुसऱ्या काकडीशी. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

खरं तर कडूपणा हा काकडीचा मूळ स्वभाव. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण अजून उगवते, तिची फळं लहान आणि जहर कडू असतात. गुरांनी आणि रानटी जनावरांनी खाऊ नये म्हणून. कुणीतरी, कित्येक शतकांपूर्वी, त्यातल्या त्यात कमी कडू फळाचं बी राखून ठेवलं, पुढच्या वर्षी त्यातूनही कमी कडू निवडलं. काकडी ही आपल्या मुलखानं जगाला दिलेली वस्तू आहे. आमच्या मदरशात मात्र आम्ही तिची ओळख उलट्या दिशेनं करून घेतली होती. सूरह बकरात बनी इस्राईल मन्न आणि सलवाला कंटाळतात आणि मूसा अलैहिस्सलामांकडे जमिनीतून उगवणारी भाजी, काकडी, डाळ, कांदा मागतात. आकाशातून उतरलेलं अन्न सोडून काकडी मागितली म्हणून मौलवीसाहेब त्यांना फार बोलायचे. दादीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "रोज रोज एकच खाऊन माणूस कंटाळेल नाय तर काय!" आणि दुसरीकडे सही बुखारीत आहेच की हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम ताज्या खजुरांबरोबर काकडी खात. खजुराची उष्णता, काकडीची थंडाई. हजरत आयशांच्या आईनं लेकीच्या अंगी लागावं म्हणून तिला हेच खाऊ घातल्याची रिवायतही आहे.

आता जाणकार म्हणतात की अरबीतली ती 'किस्सा' म्हणजे आपली काकडी नव्हे. उत्तर हिंदुस्थानात जिला ककडी म्हणतात ती लांब, वाकडी, लवदार, खरबुजाच्या कुळातली. पटण्यासारखं आहे. पण अम्मीला मी हे सांगितलेलं नाही, कारण आमच्या घरच्या इफ्तारीच्या ताटात खजुराशेजारी काकडीच्या चकत्या असतात त्या तिनं याच रिवायतीच्या भरवशावर ठेवलेल्या आहेत. चकत्यांचीही तिची पद्धत आहे. काकडी आडवी नव्हे, जराशी तिरकी कापायची, रुपयाएवढ्या जाडीची. मीठ आधी लावायचं नाही, नाहीतर अजान होईपर्यंत ताटात पाणी सुटतं. काकडीत शेकडा 95 भाग पाणीच असतं आणि रोजा सोडताना घशाला ते पाणी असं चावून खायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

परसातली काकडी आणि रमजान यांची गाठ मात्र रोज पडत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी सगळे ऋतू फिरून पुन्हा तिथेच येतो. 1979 मध्ये जुलैच्या अखेरीस रमजान लागला. मी अकरा वर्षांची होते, पहिल्यांदा पुरे रोजे धरत होते आणि अजानला पाच मिनिटं असताना मांडवावरून काकडी तोडून आणायचं काम माझ्याकडे होतं. पाऊस चालू असला तर डोक्यावर इरलं. त्यानंतर रमजान उन्हाळ्यात गेला, थंडीत गेला, दिवाळीच्या दिवसांत गेला, ताटातल्या चकत्या बाजारच्या काकडीच्या होत राहिल्या. पुन्हा 2011 आणि 2012 मध्ये तो श्रावणात आला. 2012 ला मी मुद्दाम आठ दिवसांची रजा काढून गावी गेले. अम्मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. अजानच्या आधी तीच उठली आणि तीच तोडून घेऊन आली. मला जाऊ दिलं नाही. पुढची गाठ 2044 च्या आसपास पडेल.

तवशाकडे आता यायला हवं. प्रत्येक मांडवावर दादी एक फळ राखायची. सगळ्यांत शेवटचं नाही, वेलीच्या ऐन जोमात धरलेलं, सरळ, निरोगी, दुसरं किंवा तिसरं. त्याला चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे हात लावायचा नाही. घरात पाहुणे असोत, भाजीला काही नसो, चिंधीवालं फळ तोडायचं नाही. गंमत अशी की नेमकं तेच फळ सगळ्यांत देखणं असायचं. वेल वाळू लागली की ते तवसं उतरवून केळीच्या सोपटाच्या दोरीत अडकवून वाशाला टांगायचं. तिथे ते दोन-तीन महिने राहायचं. मग एखाद्या दिवशी, बहुधा अब्बा रजेवर यायच्या सुमारास, ते चिरलं जायचं. गराचा कीस काढून तांदळाच्या भाजलेल्या रव्यात घालायचा, गूळ, नारळाचा चव, वेलची, कणभर मीठ. पाण्याचा थेंब घालायचा नाही, तवशाच्या पाण्यातच रवा शिजतो. पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावर निखारे. हे धोंडस. उरलेल्या जून फोडींची सोडे घालून भाजी. आणि मधला बियांचा लगदा मातीच्या बोळक्यात दोन दिवस तसाच आंबत ठेवायचा. बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं, भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. वरचं फेकायचं, तळाचं धुऊन सावलीत वाळवून, राखेत घोळून दुधी भोपळ्याच्या वाळक्या तुंब्यात भरायचं. तुंबा चुलीच्या वर, धुरात.

हे बी दादीनं माहेराहून आणलेलं होतं. बाजारात पुना खीरा मिळते, राहुरीच्या विद्यापीठाची हिमांगी मिळते, खुद्द आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शीतल आहे आणि ती कोकणच्या पावसाला चांगली आहे. आमच्या तवशाला असं नाव नाही. आखूड, पोटाला जाड, फिकट हिरव्यावर पांढऱ्या रेघा, कोवळेपणी साल न काढता खाण्यासारखं. कुठल्या पुस्तकात त्याची नोंद नाही आणि पेरणाऱ्यांनी चार-पाच वर्षं हात आखडला तर ते कुठेच असणार नाही.

मी 1994 पासून मुंब्र्यात राहते. डोंगरीची खोली सोडून आम्ही इकडे का आलो हे त्या वर्षाकडे बघून वाचकांच्या लक्षात येईल. चौथा मजला, पुढे ग्रिल. रंगाच्या 20 लिटरच्या डब्याला भोकं पाडून मी त्यात दरवर्षी अम्मीकडच्या दोन बिया लावते. वेल ग्रिलवर छान चढते, फुलं येतात, आणि मादीच्या फुलामागची टाचणीएवढी काकडी पिवळी पडून गळते. मधमाशी चौथ्या मजल्यापर्यंत येत नाही. मग सकाळी शाळेत जायच्या आधी मीच नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादीच्या फुलावर हलकेच फिरवायचं. नऊच्या आत. त्यानंतर फूल मिटतं. या खटाटोपात पावसाळ्याला सात-आठ काकड्या मिळतात. रोपवाटिकेतला एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, पॉलिहाऊसमधली काकडी लावा. तिला माशी लागत नाही, परागण लागत नाही, आत बीसुद्धा नसतं." त्यानं दिलेल्या पुडीत पाच बिया होत्या आणि किंमत ऐकून मी पुडी परत ठेवली. चवीला ती काकडी चांगलीच असते, हॉटेलात मी खाल्ली आहे. पण दरवर्षी पुडी विकत घ्यायची आणि वेलीला चिंधी बांधायला जागाच नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. टाळेबंदी चालू होती, मी मुंब्र्यात अडकलेली, भाऊ दोह्यात. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडलाही त्यानं सोडलं नाही. आठवडाभर फोन लागत नव्हता. लागला तेव्हा कळलं, अम्मी सुखरूप आहे, काकींच्या घरी आहे. आमच्या स्वयंपाकघरावरची कौलं उडून गेली होती आणि फणसाचं झाड परसात आडवं झालं होतं. अम्मी कौलांविषयी बोलली, फणसाविषयी बोलली, मग थांबली. मी विचारलं, "तुंबा?" म्हणाली, "भिजला. सगळं बी रुजून आलं त्यातल्या त्यात. नि कुजलं."

मिरगाच्या तोंडावर हे झालं. माझ्या ग्रिलवर जुन्या दोन बिया होत्या, त्या मी लावल्या. एक उगवली. एकाच वेलीवर नराची आणि मादीची दोन्ही फुलं येतात, तेव्हा एकही पुरली असती. पण ऑगस्टात तिच्यावर केवडा पडला, पानांवर पिवळे चौकोनी डाग आले आणि बी धरायच्या आधी ती गेली.

बी काकींकडून आलं. दादीच्या काळापासून आमच्याकडचं तवसं दरवर्षी त्यांच्या घरी जात होतं, त्यातलं बी त्या लावत होत्या. पुढच्या मे महिन्यात त्यांच्या सुनेनं प्लास्टिकच्या बरणीतून मूठभर बिया आणून अम्मीच्या ओंजळीत ओतल्या. बरणीवर मार्करनं लिहिलेलं होतं, 'भाभीचं तवसं'. अम्मीनं आळी केली, फणसाच्या फांद्यांचाच मांडव घातला. जुलैत फोन आला. "काकडी धरली. पण गो, लांब आहे. रेघा कमी आहेत."

काकींच्या मुलानं मध्ये काही वर्षं शीतल लावली होती. मधमाशीला वई कळत नाही. शुद्ध बी हवं असेल तर दोन वाणांत निदान अर्धा किलोमीटर अंतर असावं असं शास्त्र सांगतं, आणि आमच्या दोन परसांमध्ये सहा हातांचं अंतर आहे. आलेल्या वेलींपैकी तीन दादीच्या तवशासारख्या निघाल्या, बाकीच्या मिसळलेल्या. मला वाटलं, अम्मी त्या तिनांनाच चिंधी बांधेल. मी तसं सुचवलंही. तिनं दोन्हींना बांधली. मी कारण विचारलं तर म्हणाली की लांबवाल्या केवड्याला दबल्या नाहीत, डाग पडले तरी धरत राहिल्या. शेवटी ती काकडी चवीनं निवडते, दिसण्यानं नाही. आता तिच्याकडे दोन पुड्या असतात. एकीवर तिनं मला 'आपली' असं लिहायला सांगितलं आणि दुसरीवर 'काकीची'. काकी 2022 मध्ये गेल्या. पंचमीच्या चार काकड्या आता सूनबाई नेते.

भाऊ दोह्याहून कायमचा परतला आहे. घर त्यानं चांगलं दुरुस्त केलं, कौलं जाऊन पत्रा आला. परसात त्याला गाडी उभी करायची आहे, त्यासाठी जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. अम्मी ऐंशीची आहे, गुडघे दुखतात, पावसात घसरून पडली तर धावपळ कुणी करायची? "आपा, किलोभर काकडी चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. त्यासाठी आईला चिखलात पाठवायचं का?" असं त्यानं मला फोनवर विचारलं. मी त्याला 1990 चा पावसाळा सांगितला. तो तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला काहीच आठवत नव्हतं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, वईकडची पट्टी सोडतो, आठ फूट. अम्मीला बारा हवेत. बोलणी चालू आहेत.

ब्लॉक आणून पडवीत रचून ठेवलेत. परवा गावी गेले तेव्हा त्या ढिगावर जुनं धोतर पसरून अम्मीनं यंदाच्या बिया वाळत घातल्या होत्या. म्हणाली, जागा चांगली सपाट आहे आणि कोंबड्या तिथवर चढत नाहीत.